मायस्कीम पोर्टल: यादी तिथे मिळते, हिशेब वहीत मांडायचा

केंद्र सरकारचं मायस्कीम पोर्टल जुलै २०२२ मध्ये सुरू झालं. हातावर पोट असलेल्या प्रत्येक घरात कुणीतरी ते उघडून बसावं, असं मला मनापासून वाटतं. आपल्याला काय मिळू शकतं हेच ठाऊक नसल्यामुळे कितीतरी माणसं हक्काचं सोडून देतात.

वय, राज्य, गाव की शहर, प्रवर्ग, काम, उत्पन्न असे प्रश्न येतात. उत्तरं दिली की केंद्राच्या आणि राज्याच्या योजनांची यादी समोर येते. फॉर्म एका माणसापुरता असतो, म्हणून नवरा, बायको आणि मुलं यांच्यासाठी तो वेगवेगळा भरायचा. योजना उघडली की पात्रतेआधी अपात्रतेचे निकष वाचा. मी तिथूनच सुरुवात करते, बरीच नावं तिथेच गळतात.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंचं उदाहरण देते. यजमान गवंडी, मुलगी आठवीत, मुलगा चौथीत, रेशनकार्ड पांढरं. लाडकी बहीणचे महिना १,५०० त्यांना मिळतात, पण शेजारणीने भीती घातली होती की तुमचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर जातंय, पैसे बंद होतील. तिचा हिशेब असा: रोज ८०० रुपये, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे यजमानांचेच वर्षाला २,४०,०००. पण पावसाळ्यात काम बंद, सणावाराला बंद, मध्येच साइट थांबली की बंद. ताईंकडे हजेरीची डायरी होती. ती घेऊन बसलो तर वर्षात भरले जेमतेम १५० दिवस, म्हणजे १,२०,०००. ताईंचे महिना नऊ हजार धरून घराचे झाले २,२८,०००. मर्यादेच्या आत! चांगल्या महिन्याला बाराने गुणायचं नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

याच उत्पन्नावर प्राधान्य कुटुंबाचं रेशन मात्र बसत नाही, कारण शहरात त्याची मर्यादा ५९,००० आहे. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेत मिळणाऱ्या मोफत प्रवेशाच्या, दुर्बल घटकातल्या जागेसाठी १ लाख. लेक लाडकी योजनाही नाही, ती १ एप्रिल २०२३ पासून पुढे जन्मलेल्या मुलींसाठी. एका योजनेत बसलो म्हणजे सगळीकडे बसलो, असं होत नाही.

मोठा लाभ निघाला बांधकाम कामगार मंडळात. आधीच्या वर्षात ९० दिवस काम झालेलं असलं की नोंदणी होते. मग पहिली ते सातवीच्या मुलाला वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावीला ५,०००, शाळेतल्या हजेरीची अट सांभाळून. ताईंचे लाडकी बहीणचे १८,००० आणि मुलांचे ७,५०० मिळून वर्षाचे २५,५०० होतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं ५ लाखांचं संरक्षण पांढऱ्या कार्डालाही आहे, पण ते या बेरजेत धरू नका. तो पैसा हातात येत नाही, आजारपणात कामी येतो.

पोर्टलवर नाव दिसलं म्हणजे लाभ मंजूर झाला असं नाही, अर्ज त्या त्या विभागाकडेच करावा लागतो. तिथेच दिलेली कागदपत्रांची यादी उतरवून घ्या. ताईंच्या बाबतीत सगळं जमलंय, फक्त ९० दिवसांच्या दाखल्यावर ठेकेदाराची सही राहिली आहे. ती मिळेपर्यंत मी ताईंच्या मागे लागणार आहे.