कार्डेशियन की सेंटॉरी? एकांकिकेसाठी परग्रहवासी निवडताना

पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेत तुम्हाला यंदा परग्रहावरची गोष्ट करायचीय. विषय, दुसऱ्यांची भूमी बळकावणारे आणि तिथे चिरडले गेलेले. नमुना म्हणून 'स्टार ट्रेक'मधले कार्डेशियन बघायचे की 'बॅबिलॉन ५' या मालिकेतले सेंटॉरी, यावरून तुमच्या ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. दोन्ही मालिका मी पुन्हा पुन्हा पाहिल्यात आणि कॉलेजच्या एकांकिकांची रंगभूषाही करते, म्हणून सांगते.

आधी दिसण्याचं. 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन'मधल्या (१९९३ ते १९९९) कार्डेशियनांच्या कपाळावर चमच्यासारखा उंचवटा असतो आणि मानेपासून खांद्यापर्यंत नागाच्या फण्यासारख्या कडा. सगळं लॅटेक्सचं काम. भर पावसाळ्यात भरत नाट्य मंदिराच्या रंगपटात मी एका मुलाच्या मानेला असाच तुकडा स्पिरिट गमने चिकटवला होता. तिसऱ्या घंटेआधीच घामाने कानामागची कड सुटली आणि प्रयोगभर तो मान वळवायला बिचकत होता. 'बॅबिलॉन ५'मधल्या (१९९४ ते १९९८) सेंटॉरी पुरुषांचे केस मात्र मोरपिसाऱ्यासारखे उभे. एक टोप, एक भरजरी कोट, झालं.

पण निवड टोपावरून करू नका.

सेंटॉरींनी नार्न लोकांवर पूर्वी राज्य केलेलं असतं, आणि मालिका चालू असतानाच ते नार्नांचा ग्रह पुन्हा घेतात. त्यानंतर लिफ्टमध्ये वीर नावाचा भला सेंटॉरी जीकार या नार्नसमोर येतो आणि माफी मागतो. जीकार सुरीने स्वतःचा तळहात कापतो. रक्ताचा एकेक थेंब खाली पडतो आणि प्रत्येक थेंबाला तो एकच शब्द म्हणतो : मेला. मग विचारतो, यांची माफी कशी मागशील? मला आजही ते बघताना गलबलतं. पण हा प्रसंग भिडतो तो जवळजवळ दोन सीझन या माणसांबरोबर काढल्यामुळे. ११० भागांपैकी ९२ मालिकेचे निर्माते स्ट्राझिन्स्की यांनी एकट्याने लिहिलेत, धागा तुटत नाही. तासाभरात ते वजन तुम्हाला जमवता येणार नाही.

कार्डेशियनांचं उलट आहे. बेजोर या ग्रहावरची त्यांची सुमारे ५० वर्षांची सत्ता गोष्ट सुरू होण्याआधीच संपलीय. उरलेत ते हिशेब. त्यांच्याकडे खटल्याचा निकाल आधीच ठरलेला असतो, सुनावणी फक्त लोकांना दाखवायला. एवढ्यावरही एकांकिका उभी राहील. पण आधी पहिल्या सीझनमधला 'ड्युएट' हा भाग बघा. एक कोठडी, आत एक कार्डेशियन, बाहेर बेजोरची किरा, जी कधीकाळी कार्डेशियनांविरुद्ध लढलीय. प्रश्न एकच : गॅलिटेपच्या श्रमछावणीत तू कोण होतास? त्याचं उत्तर मी इथे फोडत नाही. भागाचा मोठा जीव त्या कोठडीत आणि आवाजांच्या चढउतारात आहे, म्हणजे तुमच्या रंगमंचावर आणि तुमच्या वेळेत बसणारा.

म्हणून माझं मत कार्डेशियनांना. सेंटॉरींकडून एकच गोष्ट उचला. लोंडो या सेंटॉरी राजदूताला स्वप्नात आपला मृत्यू दिसलेला असतो, म्हातारपणी जीकारचे हात गळ्याभोवती, आणि प्रेक्षकांना हे पहिल्याच भागात कळतं. शेवट ठाऊक असूनही माणूस खुर्चीला खिळतो, ही युक्ती एकांकिकेत छान चालेल.

मानेचं काम मात्र सोडून द्या. कपाळाचा उंचवटा आणि राखाडी बेस मी अर्ध्या तासात करून देईन.