इलेक्ट्रॉनिक तानपुरा, दोन पोरं आणि माझं राहिलेलं विशारद

आधीच सांगते, मी काही कार्यक्रम वगैरे करणारी गायिका नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गाण्याच्या परीक्षा देत देत २०१७ ला मध्यमा पूर्ण झाली, गाण्याच्या बाई म्हणाल्या आता पुढच्या विशारद प्रथमचा फॉर्म भर, आणि मी म्हटलं भरते की पुढच्या सेशनला. मग लग्न, मग लॉकडाऊन, मग मोठी लेक झाली, मग धाकटा मुलगा. परीक्षा वर्षातून दोनदा असतात, एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर, त्यामुळे दर सहा महिन्यांनी स्वतःला नवीन थाप मारायची सोय आपोआपच होते. मोठी आता चार वर्षांची, धाकटा अकरा महिन्यांचा, आणि यंदा मी इलेक्ट्रॉनिक तानपुरा, म्हणजे तानपुऱ्याचा सूर वाजवत राहणारा डबा, घेतला, त्याचा हा रिव्ह्यू. सात महिने वापरून लिहितेय.

घरात तानपुरा नाही असं नाही बरं का. आत्याचा मिरजेचा आहे, सतारमेकर गल्लीत बनवून घेतलेला. माझं माहेर सांगलीचं त्यामुळे मिरजेचं कौतुक जरा जास्तच, २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर पेढ्यांचे फोटो फिरत होते. पण दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये लहान पोरांसोबत तो तानपुरा म्हणजे वजनाला हलका आणि जिवाला घोर. खालचा भोपळा खराखुरा भोपळा असतो, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, वाळवलेला. मोठीला हे सांगायची चूक मी केली आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात तो लेकीकडे निघालेल्या म्हातारीचाच भोपळा आहे, त्यात शिरायला दार कुठून हे ती शोधत असते. शोधता शोधता खरजाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची तार तोडली. आता तानपुरा गवसणीत आणि गवसणी कपाटावर.

आणि समजा काढला तरी जुळवायला वेळ? खुंट्या पिळा, मणी सरकवा, जवारीचा दोरा इकडे तिकडे करा, माझ्यासारखीला पंधरा-वीस मिनिटं आरामात. धाकट्याची सकाळची झोप चाळीस मिनिटांची, त्यात निम्मा वेळ तार लावण्यात गेला तर गाणार कधी. बटण दाबलं की सा लागतो, ४,८०० रुपये मी ह्या एका गोष्टीचे दिले असं समजते.

असा डबा १९७९ मध्ये बेंगळुरूत जी. राज नारायण यांनी पहिल्यांदा केला, आता तर बऱ्याच कंपन्यांचे मिळतात. माझा साधारण जुन्या ट्रान्झिस्टरएवढा आहे. एक नॉब स्वराचा, एक बारीक फरकाचा, एक वेगाचा, एक आवाजाचा, आणि पहिल्या तारेसाठी प, म, नी असा स्विच. मालकंस राग घ्यायचा तर पंचम (प) नको, स्विच म वर, पुरिया रागाला नी, झालं. आधी मी काळी पाचमध्ये (पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून) गायचे, दुसऱ्या बाळंतपणानंतर आवाज जड झालाय, वर जाताना धाप लागते, तर सा सरळ खाली काळी चारला आणला. खऱ्या तानपुऱ्यावर सारख्या पट्ट्या बदलत बसले असते तर त्या नादातच महिना गेला असता.

आता आवाज. खरं सांगायचं तर जिवंत तानपुऱ्याची मजा नाही. मिरजेचा तानपुरा चांगला लागला की खरजातून वरचा गंधार (ग) आपोआप ऐकू येतो, मांडीला कंप जाणवतो, इथे सगळं नीटनेटकं पण कोरडं. आवाज अर्ध्याच्या वर नेला की खरज स्पीकरमध्ये चरचरतो. सकाळी साडेसहाला मी तसंही हळूच लावते म्हणून निभावतंय.

मैत्रीण म्हणाली एवढे पैसे कशाला, मोबाइलवर अ‍ॅप आहेत. आहेत, आणि त्यातल्या चांगल्यांचा आवाज माझ्या डब्यापेक्षा गोड आहे हे मान्य. मीही चार महिने तेच केलं. पण मोबाइल हातात घेतला की शाळेच्या ग्रुपवर ‘उद्या पिवळा ड्रेस’ आलेलं असतं, मग पिवळा ड्रेस शोधा, मग गॅसचा ओटीपी, आणि मोठीने मोबाइल बघितला की संपलंच, तिला पपा पिगचे व्हिडिओ हवे असतात (पेप्पाला ती पपा म्हणते, ह्यांना ते अजिबात आवडत नाही). ह्या डब्यात तानपुऱ्याशिवाय काहीच होत नाही, आणि माझ्यासाठी तोच मोठा फायदा निघाला.

एक गोष्ट मात्र दुकानदाराने सांगितली नव्हती. धाकटा ह्या आवाजावर झोपतो. दुसऱ्याच आठवड्यात रडत होता, मी त्याला मांडीवर घेऊन सुरू केला तर पाच मिनिटांत गुडूप. सासूबाईंनी ते बघितलं आणि तेव्हापासून दुपारी, रात्री, पाहुणे आले की, ‘अगं तो तुझा डबा लाव’. म्हणजे दिवसातून तीन तास तानपुरा वाजतोय आणि मी गात नाहीये, कारण मी गायले की तो उठतो. माझ्या रियाजासाठी आणलेली वस्तू आता घरातला पाळणा आहे. पहिल्यांदा हसले, मग एक दिवस खरंच रडू आलं, सासूबाईंनाच सांगितलं, आई मला सकाळचा अर्धा तास तरी हा डबा पाहिजे आणि धाकटा तुमच्याकडे. त्या म्हणाल्या एवढंच ना, आधी बोलायचंस. आता ह्यांची कंपनीची बस पावणेसातला, त्याच्या आधीची पंधरा मिनिटं ह्यांच्याकडे पोरं आणि नंतरची पंधरा आईंकडे. रोज जमतंच असं नाही, आठवड्यात चार दिवस जमलं तर मी खूश.

तक्रारी. चौथ्या महिन्यात अडॅप्टर गेला, दुकानात नेला तर म्हणे वॉरंटी मशीनची आहे, अडॅप्टरची नाही. हे बिल करताना का नाही सांगितलं तर उत्तर नाही. शेवटी बाहेरून ३५० ला घेतला, त्याने पहिले दोन दिवस बारीक घूं असा आवाज दिला, दुसऱ्या सॉकेटला लावल्यावर गेला. सेलवर चालतो पण सेल पटापट संपतात, आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते तेव्हाच वापरते.

मार्क देते पाचपैकी चार. घ्यायचा असेल तर ऑनलाइन मागवू नका, दुकानात बसून खरज ऐका, अर्ध्या आवाजावर आणि पूर्ण आवाजावर दोन्ही, आणि आपल्या पट्टीत पाच मिनिटं गाऊन बघा, लाजू नका. अडॅप्टरचं बिलावर लिहून घ्या. आणि घरात रांगणारं मूल असेल तर गोल नॉबऐवजी बटणांचं मॉडेल मिळतंय का विचारा, आमचा धाकटा रोज हात मारून मला पांढरी दोनमध्ये नेऊन ठेवतो, आणि मला ते सकाळी पहिला सा लावल्यावरच कळतं.