वर्डमधल्या कॅप्शनसाठी मॅक्रो: काही महिने वापरल्यावर

प्रबंध मांडून देण्याच्या कामात एक मागणी हमखास असते. कॅप्शनमध्ये, म्हणजे चित्राखालच्या ओळीत, ‘आकृती 3.2’ हे लेबल एवढंच ठळक हवं, पुढचं वर्णन साधं. वर्डमध्ये ‘इन्सर्ट कॅप्शन’ वापरून आलेल्या अख्ख्या ओळीला एकच परिच्छेद-शैली लागते, त्यामुळे शैली ठळक केली की सगळीच ओळ ठळक होते. लिबरऑफिसमध्ये कॅप्शनच्या ऑप्शन्समध्ये लेबलपुरती अक्षरशैली निवडता येते. वर्डमध्ये एकतर प्रत्येक लेबल हाताने निवडा, नाहीतर मॅक्रो, म्हणजे तेच काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहा. दीडशे आकृत्यांचा प्रबंध समोर आला की पहिला पर्याय आपोआप बाद होतो.

मी वापरतो तो मॅक्रो दहा-पंधरा ओळींचा आहे. नेटवर मिळणारे बरेचसे मॅक्रो ‘फिगर’ हा शब्द शोधतात. मराठी प्रबंधात ते कुचकामी, कारण व्हीबीए या मॅक्रोच्या भाषेच्या एडिटरला युनिकोड, म्हणजे देवनागरीसारखी अक्षरं, पचत नाही. तिथे ‘आकृती’ टाइप केलं की प्रश्नचिन्हं उमटतात. एकेका अक्षराचा कोड देऊन शब्द जुळवता येतो (‘आ’साठी २३१०), पण मग तक्ता, नकाशा, आलेख, छायाचित्र असं प्रत्येक लेबल जुळवत बसा! त्यापेक्षा शब्दाच्या नादी लागूच नये. कॅप्शनमधला क्रमांक हे सिक्वेन्स फील्ड (वर्ड स्वतः मोजून भरतो ती जागा) असतं, वर्डच्या हिशेबात प्रकार क्रमांक १२. मॅक्रो तेच शोधतो, परिच्छेदाची शैली कॅप्शनचीच आहे ना हे बघतो आणि परिच्छेदाच्या सुरुवातीपासून त्या फील्डच्या शेवटापर्यंत अक्षरशैली लावतो. शैलीची तपासणी गाळू नका, कारण समीकरणांच्या क्रमांकांतही हेच फील्ड असू शकतं. आणि ‘पहिलं सापडेल ते फील्ड’ असंही लिहू नका. प्रकरण-क्रमांकासह कॅप्शन असेल तर आधी प्रकरणाचा क्रमांक आणणारं स्टाइल-रेफ फील्ड येतं, मग ‘3’पर्यंतच ठळक होऊन ‘.2’ तसाच राहतो.

खरी गंमत देवनागरीची. मॅक्रो चालवला तर अंक ठळक, ‘आकृती’ हा शब्द मात्र जसाच्या तसा. वर्ड देवनागरीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट मानतो आणि तिचा ठळकपणा, आकार, फॉन्ट सगळं वेगळ्या खात्यात ठेवतो. मॅक्रोमध्ये ‘बोल्ड’सोबत ‘बोल्डबाय’ लिहावं लागतं. आकाराचंही तेच, ‘साइझबाय’. इंग्रजीत लिहिलेल्या सूचनांमध्ये हे क्वचितच सापडतं, आणि मराठीत काम करणाऱ्याचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

आता तक्रारी. लेबल ठळक केल्यावर क्रॉस-रेफरन्स अपडेट केले की मजकुरातले ‘आकृती 3.2 पाहा’ हेही ठळक होऊन बसतात, कारण हा उल्लेख आणणारं रेफ फील्ड मूळ लेबलचं रूपही सोबत आणतं. त्या फील्डमध्ये ‘चारफॉरमॅट’ हा स्विच घातला की ते थांबतं. त्यासाठी मला दुसरा छोटा मॅक्रो ठेवावा लागला. आकृत्यांच्या सूचीतही ठळकपणा उतरतो. काही मार्गदर्शकांना तो आवडतो, काहींना अजिबात नाही. टेक्स्ट बॉक्समधली कॅप्शन साध्या मॅक्रोच्या हाती लागत नाहीत, कारण दस्तऐवजाची फील्ड मागितली की वर्ड फक्त मुख्य मजकुरातली देतो. चित्र तरंगतं ठेवून कॅप्शन दिली की ती टेक्स्ट बॉक्समध्येच जाते. स्टोरी-रेंजमधून (मुख्य मजकूर, टेक्स्ट बॉक्स अशा दस्तऐवजाच्या भागांतून) फिरणारं लूप घातल्याशिवाय सुटका नाही.

दोन गोष्टी सुरुवातीलाच करून ठेवल्या, त्यांचा फायदा रोज होतो. मॅक्रोच्या आरंभी ट्रॅक चेंजेस (बदलांची नोंद) बंद करायचं, नाहीतर मार्गदर्शकांच्या खऱ्या दुरुस्त्या फॉरमॅटिंगच्या शेकडो नोंदींत हरवतात. आणि सगळं काम एका ‘अनडू रेकॉर्ड’मध्ये गुंडाळायचं, म्हणजे बिनसलं तर एकाच कंट्रोल-झेडने मागे येता येतं. ही सोय वर्ड २०१० पासून आहे.

मॅक्रो विद्यार्थ्याच्या फाइलमध्ये ठेवत नाही, माझ्या नॉर्मल टेम्पलेटमध्येच (वर्डच्या मूळ साच्यात) असतो. इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो २०२२ पासून ऑफिस आपणहून अडवतं, शिवाय मॅक्रोवाली फाइल बघून समोरचा दचकतो तो वेगळाच. टेम्पलेट कधी बिघडेल सांगता येत नाही, म्हणून मॅक्रो असलेलं मॉड्यूल एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर ठेवलंय. मॅकवरच्या वर्डमध्येही मॅक्रो चालतात, ब्राउझरमधल्या आणि मोबाइलवरच्या वर्डमध्ये नाही. आठ-दहा आकृत्यांचाच अहवाल असेल तर मात्र यातलं काही करू नका, कंट्रोल-बी दाबा आणि मोकळे व्हा.