चलानच्या नावाने आलेली फाइल, आणि एका रात्रीत गेलेले ८४,७०० रुपये

मी निगडीत राहतो. टुरिस्ट परमिटची स्वतःची अर्टिगा आहे, एकोणीस वर्षं लाइनीवर आहे. आठवड्यातून तीन-चार वेळा तरी मुंबई एअरपोर्टचं भाडं असतं. गेल्या ऑगस्टमध्ये माझ्या खात्यातून एका रात्रीत ८४,७०० रुपये गेले. एवढंच असतं तर कदाचित गप्प बसलो असतो. पण माझ्या फोनमुळे स्टँडवरच्या दुसऱ्या एका माणसाचेही पैसे गेले, म्हणून सगळं लिहितोय.

आधी मी फसलो का ते सांगतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर जुलै २०२४ पासून कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा सुरू झाली. रस्त्यावर कमानी आहेत, त्यावर कॅमेरे. कमानीखाली तुमचा वेग किती एवढंच बघत नाहीत, एका कमानीपासून दुसऱ्या कमानीपर्यंत किती वेळात आलात त्यावरून सरासरी वेगही काढतात. त्यामुळे कॅमेरा दिसला की ब्रेक आणि पुढे गेलं की पुन्हा दाबायचं, हे आता चालत नाही. कारला सपाट रस्त्यावर १००ची मर्यादा, घाटात ६०ची. आमच्या गाड्यांना स्पीड गव्हर्नर असतो, ८०च्या वर गाडी जातच नाही, त्यामुळे सपाटीला मला कधी चिंता नव्हती. भीती घाटाची. अमृतांजन पूल जिथे होता, त्या उतारावर भरलेली गाडी असली आणि मागे ट्रेलर चिकटलेला असला, की काटा सत्तरला कधी जातो कळत नाही.

एका रविवारी पार्टीच उशिरा निघाली होती. फ्लाइट चुकेल म्हणून मागून सारखं चाललं होतं, "भाऊ, जरा दाबा ना." मी दाबली. घाटात साठच्या वर होतो हे मला पक्कं माहीत होतं. घरी आल्यावर तीन दिवस फोन वाजला की पोटात धस्स व्हायचं. आमच्या धंद्यात चलान थकलं की पासिंगच्या, म्हणजे आरटीओतल्या गाडीच्या तपासणीच्या वेळी अडतं, आणि माझं पासिंग पुढच्याच महिन्यात होतं.

चौथ्या दिवशी रात्री पावणेदहाला व्हॉट्सॲपवर मेसेज आला. फोटोच्या जागी पोलिसांचं बोधचिन्ह. माझ्या गाडीचा नंबर, एका अंकाचीही चूक नाही. खाली लिहिलं होतं की वेगमर्यादा मोडल्याचं चलान झालं आहे, पुरावा बघायला सोबतची फाइल उघडा, नाहीतर प्रकरण कोर्टात जाईल. फाइलचं नाव आरटीओ ई-चलान, आणि शेवटी टिंब देऊन एपीके. ही तीन अक्षरं मी वाचली होती, त्यांचा अर्थ मला माहीत नव्हता. एपीके म्हणजे फोटो नाही, कागद नाही, ते एक ॲप असतं. ती फाइल उघडणं म्हणजे अनोळखी माणसाला आपल्या फोनमध्ये घरजावई करून घेणं.

गाडीचा नंबर बरोबर होता म्हणून माझा विश्वास बसला. तो त्यांना कुठून मिळाला ते सांगता येणार नाही. पण माझ्याच गाडीच्या मागच्या काचेवर, नंबरप्लेटच्या वीतभर वर, मोठ्या पिवळ्या अक्षरात माझा मोबाइल नंबर लिहिलेला होता. भाडी मिळावीत म्हणून आम्ही सगळेच लिहितो. रस्त्यावरचा कोणीही दोन्ही एकदम वाचू शकतो.

फाइलवर बोट ठेवल्यावर फोननेच मला अडवलं होतं, हे आज सगळ्यात जास्त टोचतं. अज्ञात ठिकाणचं ॲप आहे, धोका असू शकतो, असं स्क्रीनवर आलं. मी सेटिंगमध्ये जाऊन परवानगी चालू केली. मग ॲपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, दिली. कॉन्टॅक्टची मागितली, दिली. फोन कॉलची मागितली, तीही दिली. सरकारी काम आहे, मागत असतील, असं वाटलं. शेवटी एक पान उघडलं, वर परिवहनच्या चिन्हासारखं चिन्ह. पडताळणीसाठी एक रुपया भरा म्हणे. मी डेबिट कार्डाचा नंबर, तारीख, मागचे तीन आकडे, सगळं भरलं. चाक गोल गोल फिरत राहिलं. सर्व्हर बंद असेल, सकाळी बघू, म्हणून फोन चार्जिंगला लावून झोपलो.

सकाळी साडेसहाला सीएनजी भरायला गेलो. पैसे जाईनात. दुसऱ्यांदा केलं, तरी नाही. बॅलन्स बघितला तर ३१२ रुपये. रात्री दोन ते सव्वादोनच्या दरम्यान तीन वेळा पैसे निघाले होते, ४९,५००, २४,००० आणि ११,२००. गाडीचा विमा आणि मुलीची कॉलेजची फी होती ती. एकही मेसेज मला दिसला नव्हता, कारण ओटीपी येत होता तो आधी त्या ॲपकडे जात होता. मी कोणाला ओटीपी सांगितला नाही, असं बँकेत शपथेवर सांगत होतो, आणि ते खरंही होतं. सांगायची गरजच उरली नव्हती.

माझा भाचा शिकलेला आहे, त्याला फोन केला. त्याने पहिलं विचारलं, "मामा, तुम्ही आत्ता त्याच फोनवरून बोलताय का?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "आधी फ्लाइट मोडवर टाका. मामींच्या फोनवरून १९३० लावा." हे नीट लक्षात ठेवा. ॲप फोनमध्ये असेपर्यंत तुम्ही त्या फोनवर जे काही कराल ते त्यांना दिसू शकतं. पासवर्ड बदलायचा तर दुसऱ्या फोनवरून. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालायचं. १९३० हा सायबर फसवणुकीचा देशभरातला एकच नंबर आहे. तिथे तक्रार गेली की पैसे ज्या खात्यात गेलेत ते गोठवायचा प्रयत्न सुरू होतो. चोर पैसे लगेच पुढच्या, त्याच्या पुढच्या खात्यात फिरवतो, म्हणून एकेक मिनिट मोलाचं. मी सीएनजी पंपावर सुन्न उभा राहिलो, मग घरी आलो, बायकोला सांगायची हिंमत गोळा केली, त्यात पाऊण तास गेला. माझे ११,२०० वाटेत अडकले आणि पाच महिन्यांनी कोर्टाच्या आदेशाने परत मिळाले. बाकीचे गेले.

बँकेत लेखी तक्रार आणि पोचपावती लागते, नुसतं काउंटरवर सांगून चालत नाही. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७चा नियम आहे. ग्राहकाची काही चूक नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. पण कार्डाची माहिती आपणच दिली असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. माझ्या बाबतीत आधीच सगळं गेलं होतं.

आता जे सांगायचं होतं ते. त्याच रात्री माझ्या व्हॉट्सॲपवरून तीच फाइल आमच्या स्टँडच्या ग्रुपवर गेली. मी झोपेत होतो. ग्रुपमध्ये चाळीसएक ड्रायव्हर, सगळे त्याच घाटातून जाणारे, सगळ्यांच्या डोक्यात तीच चलानची धास्ती. अनोळखी नंबर असता तर कोणी थांबलं असतं. ही फाइल माझ्या नावाने आली होती. आमच्यातले एक काका, साठीचे, पहाटे पनवेलचं भाडं करायला उठले आणि त्यांनी ती उघडली. त्यांचे १८,००० गेले. दुपारी ते मला म्हणाले, "तू पाठवलीस म्हणून उघडली रे." चिडून नव्हते म्हणाले. चिडले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी भाच्याने मला खरं चलान कसं बघायचं ते दाखवलं. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांची ई-चलानची साइट आहे, पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन. गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकायचे. ते चार आकडे आरसीवर असतात, म्हणून आरसी हातात घेऊन बसलो. आणि खरंच, त्या रविवारचं चलान तिथे होतं. घाटातली जागा, वेळ, माझा वेग, मर्यादा, आणि पाटी स्वच्छ वाचता येईल असा गाडीचा फोटो. दंड २,००० रुपये. ते तिथे दोन मिनिटांत भरून झालं. कुठलं ॲप घ्यावं लागलं नाही, कुठली परवानगी द्यावी लागली नाही. चोराच्या मेसेजमध्ये यातलं काय होतं? फक्त गाडीचा नंबर. किती वेग होता, कुठे होता, काही नाही. कोणाच्याही मेसेजला किती वेगाने आणि कुठे एवढे दोन प्रश्न मी तेव्हा विचारले असते, तर तिथेच थांबलो असतो.

आता स्टँडवर कोणाला चलानचा मेसेज आला की तो आधी गाडीतून आरसी काढतो. मेसेजमधली लिंक कोणी दाबत नाही, साइट स्वतः टाइप करून बघतात. गव्ह डॉट इन आहे का ते दोघं मिळून वाचतात, कारण चोर पत्त्यात मधेच गव्ह घुसवतात आणि शेवट भलताच असतो. माझ्या मागच्या काचेवरचा नंबर मी ब्लेडने खरवडून काढला. थोडी भाडी कमी झाली.

काकांना मी महिन्याला २,००० देतो. पहिल्या वेळी त्यांनी घेतले नाहीत, मी त्यांच्या गाडीच्या डॅशबोर्डवर गणपतीखाली ठेवून आलो. सात महिने झाले, दोन राहिलेत.