डिजिलॉकर आणि श्रेयांकांची बँक : पन्नाशीतल्या विद्यार्थ्याचा अभिप्राय

२०१९च्या महापुरात शाहूपुरीतल्या आमच्या घरातली पत्र्याची पेटी भिजली, गुणपत्रिकांची शाई पसरली, आणि तेव्हापासून मी डिजिलॉकर, म्हणजे कागदपत्रे ऑनलाइन ठेवण्याची सरकारी सोय, वापरतो. त्यात संस्थेकडून थेट आलेला दस्तऐवज कायद्याने मूळ प्रतीच्या बरोबरीचा मानला जातो. आपण स्वतः स्कॅन करून चढवलेल्या प्रतीला मात्र तो मान नाही, हा भेद पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पन्नाशीत पुन्हा शिकू लागलेल्या माझ्यासारख्याला त्याहून मोलाची वाटली ती अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स : २०२१ साली सुरू झालेल्या या व्यवस्थेत श्रेयांक, म्हणजे अभ्यासक्रम पूर्ण केल्याबद्दल मिळणारी क्रेडिट्स, साधारणपणे ७ वर्षांपर्यंत जमा राहत असल्याने, शिक्षणात खंड पडला तरी पुढचा बेत आखता येतो. माझ्या जुन्या महाविद्यालयाने नावातली एक वेलांटी चुकवल्यामुळे दोन महिने हेलपाटे पडले, ते वेगळेच.