घडीची वाकडी करवत: आंब्याच्या बागेत वर्षभर वापरल्यावर

खानापूरजवळ आमची तीसेक आंब्याची झाडं, चार चिक्कू आणि बांधावर काजू. आजवर घरातली सुतारी करवतच फांद्यांना लावायचो. ती पुढे ढकलताना कापते. ओल्या लाकडात पातं अडकतं, आणि शिडीवर उभं राहून जोर लावला की तोल गेलाच म्हणायचा.

मागच्या मे महिन्यात बेळगावच्या खडेबाजारात घडीची, वाकड्या पात्याची करवत साडेचारशेला घेतली. दुकानदार म्हणाला, "ओढून बघा की ओ, ढकलू नका." खरंच, दात मुठीकडे वळलेले, ओढलं की कापते. मनगटाएवढी फांदी मिनिटभरात खाली.

जाड फांदीला मात्र आधी खालून चीर द्या, मग थोडं पुढे वरून कापा. नाहीतर फांदी पडताना साल खोडापर्यंत सोलत नेते. (एका हापूसचं तसं वाटोळं केलंय मी, अजून डिंक गळतोय.) शेवटी बुंध्याकडचा फुगीर कडा राखून उरलेला खुंट काढा आणि बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप) फासा.

खटकलं ते असं. घडीचा खटका चिकाने दोनदा जाम झाला, खोबरेल सोडून मोकळा केला. शिवाय दातांची टोकं कडक केलेली, निळसर काळी. कानस फिरवून धार लागत नाही, पातंच बदलायचं. त्यासाठी दोन खेपा घातल्या. दोन्ही वेळा उत्तर एकच: "पुढच्या आठवड्यात येतंय की."