होरायझन झीरो डॉन: आठ महिने गवतात बसून

आधी हिशोब. सेलमध्ये घेऊन लायब्ररीत तीन वर्षं पडून असलेला हा गेम मी गेल्या नोव्हेंबरात उघडला, आता जुलै संपत आलाय. एवढ्यात 170 तास झाले. मूळ कथा एकदा संपवली, ‘फ्रोझन वाइल्ड्स’ ही जोडकथाही संपवली, आणि आता पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंय. माझ्याकडे आहे ती जुनी कम्प्लीट एडिशन, 2020 च्या ऑगस्टमध्ये पीसीवर आली ती. 2024 मध्ये आलेलं रीमास्टर मी खेळलेलं नाही, त्याबद्दल विचारू नका. कथा, ग्राफिक्स, कपडे, केस यांवर ढिगानं लिहिलं गेलंय. मला फक्त मशिनांबद्दल लिहायचंय, कारण 170 पैकी निदान साठ-सत्तर तास मी त्यांना नुसतं बघत बसले होते.

अजिबात माहिती नसेल त्यांच्यासाठी: ॲमस्टरडॅमच्या गरिला गेम्सनं 2017 मध्ये काढलेला हा गेम. आपलं जग बुडून जवळपास हजार वर्षं झालीत. अमेरिकेतल्या कोलोरॅडो-युटाच्या डोंगरदऱ्यांत माणसं टोळ्या करून भाले-धनुष्यांवर जगतायत आणि रानात जनावरांच्या आकाराची मशिनं हिंडतायत. आपण एलॉय नावाची मुलगी. कानाशी ‘फोकस’ नावाचं जुन्या जगातलं एक यंत्र, हातात धनुष्य. मशिनं एवढी का पिसाळली हे कथेत उलगडतं, ते सांगत नाही.

पहिला महिना मी हा गेम चुकीचा खेळले. दिसलं मशीन की सोड बाण, मग पळ, मग मर. कंटाळून सोडणारच होते. पण आमचा कॉम्प्युटर हॉलमध्ये आहे आणि हॉलमध्ये बाबा झोपतात, म्हणजे झोपत नाहीत, पडून बघत असतात. भांडुपला वन बीएचकेमध्ये दुसरं काय होणार. बाबांचं लहानपण राजापूरकडे गुरं राखण्यात गेलं आणि पुढची तीस वर्षं मुंबईत ट्रकांच्या वर्कशॉपमध्ये. एका रात्री मी स्ट्रायडर या घोड्यासारख्या मशिनांच्या कळपाची वाट लावत होते, तेव्हा पलंगावरून आवाज आला, “अगो, चरतायत ना ती? मग कशाला मारत्येस?”

मी म्हटलं, बाबा, ती मशिनं आहेत. ते म्हणाले, “दिसतंय मला. पण राखणदार कुठाय ते आधी बघ. तो एकडोळ्या. त्याच्या जिवावर बाकीच्यांनी मान खाली घातलीय.”

एकडोळ्या म्हणजे वॉचर. माणसाहून थोडा उंच, दोन पायांवर चालणारा, डोक्याच्या जागी एकच मोठा दिवा. त्या रात्री मी पहिल्यांदा धनुष्य खाली ठेवलं, लाल शेंड्यांच्या उंच गवतात बसले आणि पंधरा मिनिटं फक्त बघितलं. तेव्हापासून हा गेम मला खऱ्या अर्थानं लागला.

मशिनांची मर्जी त्यांच्या दिव्यावरून कळते. निळा म्हणजे सगळं ठीक. पिवळा म्हणजे काहीतरी खटकलंय. लाल म्हणजे तुम्ही दिसलात. एवढं तर कोणीही पाच मिनिटांत शिकतं. खरी गंमत पिवळ्यात आहे. पिवळा झालेला वॉचर एकदम धावून येत नाही. आधी थांबतो, मान वळवतो, जिथून आवाज आला तिथवर चालत जातो, इकडेतिकडे बघतो. तुम्ही दम धरलात तर परत निळा होऊन आपल्या वाटेला लागतो. तोवर कळपातल्या बाकीच्यांनीही माना वर केलेल्या असतात. वॉचर लाल झाला की हरणासारखी ग्रेझर सगळी मिळून उधळतात, आणि जवळ सॉटूथ, म्हणजे सुळेवाल्या वाघासारखं लढाऊ मशीन, असेल तर तो मात्र उलट तुमच्याच दिशेनं येतो. दिव्याआधी आवाज बदलतो हा शोध बाबांचा. डोळे मिटून पडलेले असायचे आणि म्हणायचे, “बघ, आयडलिंग बदललं.” मी वर बघावं तर दिवा पिवळा होत असायचा. आता मी हेडफोन लावूनच खेळते, आणि माझा सल्ला हाच, की स्पीकरवर हा गेम अर्धाच कळतो.

आमच्या बिल्डिंगच्या मागे नॅशनल पार्कची हद्द फार लांब नाही. रात्री बिबट्या खाली उतरला की आम्हाला तो दिसत नाही, पण कुत्री कळवतात. आधी एकच उठून उभं राहतं, भुंकत नाही. मग गल्लीतली सगळी. गेममध्ये पहिल्यांदा पूर्ण कळप एकामागून एक ताठ झाला तेव्हा मला आमची गल्लीच आठवली.

गेममध्ये मशिनांचे चार वर्ग आहेत: माल गोळा करणारी, टेहळणी करणारी, वाहतूक करणारी आणि लढणारी. कागदावर हे कोरडं वाटतं. पण प्रत्येकाचं वागणं त्याच्या कामातून आलंय, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही आहे. ग्रेझरच्या शिंगांना फिरती पाती आहेत, त्यानं ते गवत कापतं आणि पाठीवरच्या डब्यांत ‘ब्लेझ’ नावाचं इंधन साठवतं. (बाबांच्या भाषेत “डिझेलची कॅन घेऊन चरणारी म्हैस”.) त्या डब्यावर पेटता बाण मारला की स्फोट. म्हणजे त्याचं पोट भरण्याचं साधन हाच त्याचा धोका. शेल-वॉकर हा खेकड्यासारखा हमाल, पाठीवर माल, एका नांगीत ढाल, दुसरीत विजेचा मारा. घरात त्याचं नाव कुर्ली. कुर्ल्या एकट्यादुकट्या कमी, रांगेनं तांडा करून जातात आणि सोबतीला पहारेकरी असतात. भांडायचं असेल तर पाठीवरच्या मालाच्या कड्या आधी तोडायच्या.

स्क्रॅपर म्हणजे भंगारवाला. मेलेल्या मशिनांचे तुकडे तोडून खाणारा. त्याच्याकडे रडार आहे, आणि गवतात लपलेल्या माणसालाही ते पकडतं. वीस तास खेळून ‘गवतात गेलं की सुटलो’ अशी माझी खात्री झाली होती, आणि एका भंगारवाल्यानं ती पाच सेकंदांत मोडली. तेव्हापासून आधी त्याचं रडार उडवायचं, मग बाकीचं. एकदा मी थंडरजॉ हे अवाढव्य मशीन पाडून लूट घ्यायला उशीर केला, मागे वळले तर दोन भंगारवाले त्याला सोलत बसलेले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर बंद पडलेली गाडी रात्रभर ठेवून बघा, तसंच.

थंडरजॉबद्दल एक परिच्छेद द्यावाच लागेल. टी-रेक्सच्या बांध्याचं हे धूड बनवायला स्टुडिओला दीड वर्ष लागलं, आणि त्याच्या अंगावर सुटे करता येतील असे 93 पत्रे आहेत. माझी पहिली झुंज पंचवीस मिनिटं चालली. त्याच्या पाठीवर चकत्या फेकणाऱ्या दोन तोफा असतात. त्या तोडल्या की तो पुढच्या क्षणी तोंड, शेपूट आणि अंगाची धडक यांवर येतो, आणि खाली पडलेली तोफ तुम्ही उचलून त्याच्यावरच चालवू शकता. एखादं हत्यार गेलं की मशिनाची पद्धत बदलते, हे इतर गेममध्ये इतकं नीट क्वचित दिसतं. स्टॉकर हा अदृश्य होणारा वाघ, पण त्याचं लपायचं यंत्र उडवलं की बिचारा उघडा पडतो. सगळ्यात शांत टॉलनेक. डोक्यावर तबकडी घेतलेला महाकाय जिराफ, ठरलेल्या गोलात फिरत राहतो, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पाऊल पडलं की जमीन हादरते. त्याच्या अंगावर चढून डोक्यावर पोचलं की आसपासचा नकाशा उघडतो. असे मूळ गेममध्ये पाचच आहेत, आणि पाचही वेळा मी नकाशा उघडूनही वरच बसून राहिले.

मशीन आपल्या बाजूला वळवण्याची सोय, म्हणजे ओव्हरराइड, सगळ्यांना आवडते. मला सुरुवातीला आवडली. ‘कॉल्ड्रन’ नावाच्या जमिनीखालच्या कारखान्यांत जाऊन एकेका जातीची किल्ली मिळवायची, मग मागून हळूच जाऊन भाला लावायचा. वायरी निळ्या पडतात आणि मशीन तुमचं. पण त्याचे कालचे सोबती त्याच्यावर लगेच तुटून पडतात. मी एका सॉटूथला असं वळवलं आणि लांबून तमाशा बघत बसले. बाबांना ते रुचलं नाही. “फितवलंस तू त्याला,” म्हणाले आणि कूस बदलली. त्या सॉटूथचं शेवटी भंगार झालं. मी ओव्हरराइड नंतरही वापरला, पण जास्त करून स्वारीसाठी.

आता तक्रारी, आणि त्या आठ महिन्यांनीच लक्षात येतात. साधारण ऐंशी तासांनंतर माझ्याकडे जांभळ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाची शस्त्रं आली, त्यावर ती जुन्या जगातली ‘शील्ड-वीव्हर’ चिलखत मिळाली, आणि मशिनांची भीती गेली. भीती गेली तसं बघणंही गेलं. कळप दिसला की मी त्यात किती वायर, किती ब्लेझ, किती हृदयं एवढंच मोजू लागले. डिसेंबरात ज्या वॉचरसमोर श्वास रोखून बसले होते, त्याला मार्चमध्ये चालता चालता उडवत होते. यात दोष गेमचा किती आणि माझा किती हे सांगता येणार नाही, पण चिलखत काढून ठेवायला गेमनं मला कधीच भाग पाडलं नाही.

दुसरं, मशिनं फार लवकर विसरतात. शेजारचा राखणदार मरून पडलेला दिसतो, जरा शोधाशोध होते, आणि मग सगळे पुन्हा निळे. खऱ्या कळपानं ते माळरान महिनाभर सोडलं असतं. ठरावीक हद्दीपलीकडे ती पाठलागही सोडतात, आणि उंच खडकावर चढलात तर जमिनीवरची बरीचशी मशिनं खाली हताश घिरट्या घालतात. हा खडकाचा फसवा उपाय मी ढीगभर वेळा केलाय, कबूल. बाबांचा आक्षेप वेगळाच होता: “वारा कुठून येतोय ते बघतच नाहीस?” त्यांना समजावलं की यांना नाक नाही, डोळे, कान आणि काहींना रडार एवढंच. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांनी म्हटल्यापासून मलाही ते खटकतं.

माणसांशी होणाऱ्या लढायांबद्दल लिहायला फारसं नाही. डाकू गवताकडे एकेक करून चालत येतात आणि एकेक करून मरतात. मशिनांवर एवढं डोकं लावलं, तिथे माणसांच्या वाट्याला काही उरलं नसावं.

‘फ्रोझन वाइल्ड्स’ मात्र खेळाच. बर्फाळ यलोस्टोनचा भाग, तीन नवी मशिनं, आणि ‘कंट्रोल टॉवर’ नावाचे खांब जे ठरावीक वेळानं लहरी सोडून जवळच्या मशिनांची दुरुस्ती करतात आणि तुम्ही वळवलेलं मशीन पुन्हा हिसकावून घेतात. तिथल्या जांभळ्या झाक असलेल्या मशिनांना वळवताच येत नाही. माझा माज तिथे जरा उतरला.

तांत्रिक बाजू थोडक्यात. डिस्कवर 100 जीबी जागा लागते. पीसीवर आला तेव्हा पहिल्यांदा सुरू करताना शेडर, म्हणजे ग्राफिक्सचे छोटे प्रोग्रॅम, तयार होण्यात बराच वेळ जायचा, पण नंतरच्या अपडेटनं ते थांबणं काढून टाकलं. माझं कार्ड सहा जीबीचं, लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड घेतलेलं, 1080पी मध्यम सेटिंगवर ठीक चालतं. मे महिन्यात त्याचा एक पंखा अडकला. बाबांनी कार्ड उघडून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले, अजून फिरतोय.

जूनमध्ये मी पुन्हा सुरुवात केली, अल्ट्रा हार्ड या सगळ्यात कठीण पातळीवर, जुनं सामान न घेता. ही पातळी एकदा निवडली की मधेच सोपी करता येत नाही. शत्रूच्या जिवाची पट्टी दिसत नाही, व्यापारी जास्त भाव लावतात, आणि मशिनांचे डोळे-कान जास्त तिखट. पट्टी नसल्यामुळे पुन्हा अंगाकडेच बघावं लागतं: कुठला पत्रा उडालाय, कुठे ठिणग्या पडतायत, चाल मंदावलीय का. पहिल्या सॉटूथनं मला सात वेळा मारलं. आठव्या वेळी मी त्याच्या फेरीची वाट फोकसमध्ये नीट बघून घेतली, तारांचे सापळे लावले, शिट्टी मारली आणि बाबांकडे बघितलं. ते उठून बसले होते.